डॉक्टर की सेक्रेटरी

माझ्या आईवडिलांच्या संसारात भांडणाला विषय एकच होता. वाढदिवसाच्या केकमध्ये तोंड खुपसून मेलेल्या एका अमेरिकन शेठजींना कोणी मारलं? बाबांच्या मते सेक्रेटरीने. आईच्या मते फॅमिली डॉक्टरने. लग्नाला पन्नास वर्षं व्हायला आली तरी निकाल लागला नव्हता, कारण तो सिनेमा दोघांनी अर्धाच पाहिला होता.

सिनेमा हॉलिवूडचा, जुना, काळा-पांढरा. टोप्या विकणारी एक बडबडी बाई आणि तिचा भित्रा नवरा मिळून खुनाचा तपास करतात, आणि तपासापेक्षा एकमेकांची टरच जास्त उडवतात. पुण्यात कॅम्पातल्या एका थिएटरात तो मॅटिनीला लागला तेव्हा आईबाबांचं लग्न नुकतंच झालं होतं. घरी पर्वतीला जातो म्हणून सांगून दोघं सिनेमाला गेली. इंटरव्हलला बाबा वडे घ्यायला बाहेर आले, तर रांगेत पुढे त्यांचे सख्खे काका. काकांनी बाबांना पाहिलं, बाबांनी काकांना पाहिलं. काकासुद्धा घरी काहीतरी भलतंच सांगून आले असावेत, कारण ते वडे न घेताच एका दाराने पसार झाले आणि बाबा आईला घेऊन दुसऱ्याने. उरलेला अर्धा सिनेमा राहिला तो राहिलाच.

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते आणि पाण्यासारखे शब्दही अडवून ठेवायचे. ‘बरं’ आणि ‘बघू’ एवढ्यावर त्यांनी माझं आख्खं बालपण निभावून नेलं. पण जेवताना आईने नुसतं ‘डॉक्टरच हो तो’ असं पुटपुटायचा अवकाश, की ते सरसावून बसायचे. आमटीची वाटी म्हणजे शेठजी, लोणच्याची बरणी म्हणजे सेक्रेटरी, मीठ म्हणजे डॉक्टर. मग कोण कुठे उभं होतं, दिवे गेले तेव्हा कोणाचा हात कुठवर पोचला असता, हे सगळं ताटं सरकवून सिद्ध केलं जायचं. मला कित्येकदा आमटी हवी असायची, पण ती खून झालेली असल्यामुळे हलवता यायची नाही.

मी नॉटिंगहॅमला भूलतज्ज्ञ आहे. लोकांना झोपवणं हे माझं काम, आणि घरात सगळ्यांना पळवत ठेवणं हा माझा स्वभाव. आईबाबा उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आले की मी त्यांच्या दिवसांचं वेळापत्रक करते आणि ते दोघं मुकाट्याने पाळतात. या वर्षी सिटी सेंटरमधल्या एका छोट्या सिनेमागृहाच्या दारावर मला तोच सिनेमा दिसला. दुपारचा शो, खास ज्येष्ठांसाठी, तिकिटातच चहा आणि बिस्किटं. मी तिथल्या तिथे तीन तिकिटं काढली. आपल्यासारखी गुणी मुलगी शोधून सापडणार नाही, अशा तोऱ्यात घरी आले.

बाबांनी ऐकलं आणि चष्मा पुसला. मग स्वतःहून इस्त्री लावून शर्ट कडक केला. आई मात्र म्हणाली, “कशाला उगाच? माझा गुडघा दुखतोय.” दुसऱ्या दिवशी तिला सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी तिला जुने सिनेमे आवडेनासे झाले.

शोच्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटत असताना मी तिला सरळ विचारलं. बाबा वर अंघोळीला गेले होते.

“मी शेवट बघितलाय,” ती पोळी उलटत म्हणाली.

“कधी?”

“तेव्हाच, त्याच्या पुढच्याच आठवड्यात. मैत्रिणीबरोबर गेले होते, हळदीकुंकू आहे सांगून. सेक्रेटरीच निघाला तो.”

मी स्टुलावर बसले. “म्हणजे बाबांचं बरोबर आहे? मग तू इतकी वर्षं...”

“अगं, नवीन लग्न. हा माणूस घरी येऊन पेपर वाचायचा, जेवायचा आणि झोपायचा. त्या मॅटिनीहून परतताना मात्र कॅम्पापासून घरापर्यंत एकटेच बोलत होते. शेवट बघून आले त्या रात्री मी सांगणारच होते, तुमचंच खरं म्हणून. पण ताटावर बसता बसता त्यांनी आपण होऊन विचारलं, ‘काय, डॉक्टरच का अजून?’ मी म्हटलं, हो, डॉक्टरच.” तिने तवा खाली उतरवला. “आज त्यांना कळलं की विषय मिटला. मग मी काय बोलू त्यांच्याशी? हवापाण्याचं?”

मी तिकिटं रद्द करते म्हटलं. ती म्हणाली, “शर्ट घालून बसलेत ते. राहू दे. मी बघते काय करायचं ते.”

सिनेमागृहात सोफे होते. प्रेक्षक सगळे पांढऱ्या केसांचे, कपबशी सांभाळत बसलेले. सुरुवातीला स्वेटर घातलेले एक गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी सिनेमाची कर्मकथा सांगितली. प्रथम आला तेव्हा म्हणे तो साफ पडला होता. खून बघायला आलेल्यांना त्यात हसवाहसवी फार वाटली, आणि हसायला आलेल्यांना प्रेत. नंतर कधीतरी टीव्हीवर दाखवायला लागले आणि लोकांना तो पाठ झाला. आता तो क्लासिक समजला जातो. बाबा शाळेतल्या हुशार मुलासारखे मान हलवत होते.

सिनेमा सुरू झाला. मी त्यातली प्रत्येक व्यक्ती आमटी आणि लोणच्याच्या रूपात ओळखत होते, त्यामुळे खरे नट दिसल्यावर जरा हिरमोड झाला. प्रेक्षक ओठ मिटून, खांदे हलवत, बेताने हसत होते. बाबा प्रत्येक विनोदाच्या आधीच हसत होते, आणि मग पुढच्या रांगेतल्या दोन आजीबाई त्यांच्या हसण्याला हसत होत्या. इतका वेळ हसणारे बाबा मी घरी कधी पाहिले नव्हते.

शेठजी केकमध्ये पडले, दिवे गेले, किंकाळी झाली. आई माझ्या कानाशी आली.

“इंटरव्हल आता होईल ना?”

“कसला इंटरव्हल?”

“अगं, इंटरव्हलला मी यांना बाहेर काढणार आहे. बाथरूमला नेते, मग गुडघा दुखतोय म्हणते, की चला घरी.”

“आई, इथे सिनेमाला इंटरव्हल नसतो.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू या देशात पाणीच नसतं असं मी म्हटलं होतं. “चहा दिला की मघाशी.”

“तो एकदाच.”

मग तिने जे काही केलं त्याला तोड नाही. ती खोकली. पुढच्या आजीबाईंनी मागे वळून तिला पेपरमिंटची गोळी दिली. तिने पर्स पाडली. बाबांनी पडद्यावरची नजर न हलवता पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली. “अहो, तुम्हाला जाऊन यायचंय का?” तिने विचारलं. ज्यांना मेडनहेडला भाचीकडे जाताना हायवेवरच्या प्रत्येक सर्व्हिस स्टेशनला थांबावं लागलं होतं ते बाबा म्हणाले, “नाही.”

शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं गेलं. टोपीवाली बाई बडबडत बडबडत एकेकासमोरून फिरली आणि सेक्रेटरीसमोर थांबली. सेक्रेटरीने तिथेच कबूल केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी वाजवल्या नाहीत. आईने अंधारात माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. मला तिची फार फार दया आली.

ट्राममध्ये ती दोघं शेजारी बसली, मी समोर. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. आता म्हणतील, मग म्हणतील, अशी मी वाट पाहत होते. बोट उगारून ‘काय, सांगत नव्हतो?’ म्हणायचा हक्क त्यांना होता. आई पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

“मला नाही पटलं,” बाबा म्हणाले.

“काय नाही पटलं?”

“सेक्रेटरी. दिवे गेले तेव्हा तो टेबलाच्या त्या टोकाला होता. डॉक्टर शेठजींच्या शेजारी होता. तू म्हणतेस ते बरोबर आहे. डॉक्टरच.”

आई बघतच राहिली. “अहो, त्याने स्वतः कबूल केलंय. आत्ता डोळ्यांनी पाहिलंत.”

“कबूल करायला काय जातंय? डॉक्टरला वाचवतोय तो. सिनेमावाल्यांनाच नीट कळलेलं नाही.”

“काहीतरी बोलू नका.” आईने पर्स बाजूला ठेवली आणि त्यांच्याकडे पूर्ण वळून बसली. “सेक्रेटरीच. मृत्युपत्राचं काय मग? डॉक्टरला काय मिळणार होतं मृत्युपत्रातून?”

आमचा स्टॉप आला तरी त्यांचं चालूच होतं. मला दोघांना हाताला धरून उतरवावं लागलं. आई तावातावाने पुढे निघाली, दुखरा गुडघा विसरून. बाबा माझ्याबरोबर मागे राहिले.

“बाबा, खरंच डॉक्टर?” मी विचारलं.

“छे,” ते हळूच म्हणाले. “सेक्रेटरीच. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. पण ती एवढी वर्षं डॉक्टरला धरून बसली होती गं. आता एकदम हरली असं तिला वाटायला नको.”

आईने सकाळी पोळ्या लाटताना सांगितलेलं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

“अहो, येताय ना?” आई पुढून वळून म्हणाली. “माझं अजून संपलेलं नाही.”

“आलो, आलो,” म्हणत बाबा मला तिथेच सोडून भरभर पुढे गेले.