काडकन

“मम्मी, इंटरव्ह्यू क्रॅक कर लिया!” लेक ओरडतच घरात शिरली. मी तिला मिठी मारली, पण अंगावर काटा आला. भिंतीला पडते ती भेगही क्रॅक आणि मुलांचं यशही क्रॅक. मला मात्र त्या शब्दात हाड मोडल्याचा आवाज ऐकू येतो.

मी शाळेत होते. लखनौच्या चौक भागात, अरुंद गल्लीत, मी आणि बाबा बसलो होतो ती सायकलरिक्षा एका स्कूटरला घासली. स्कूटरवाला उतरला आणि लोखंडी सळईने रिक्षावाल्याच्या डोक्यावर घाव घालू लागला. रक्त रिक्षावाल्याच्या डोळ्यांवर ओघळलं. लोक नुसते बघत होते. बँकेत नोकरी करणारे, कधी आवाजही न चढवणारे माझे बाबा खाली उतरले आणि त्यांनी हात मध्ये घातला. काडकन आवाज झाला. हात कोपराखाली लोंबकळला.

“अब मुझे मारोगे?” बाबांनी विचारलं. तो माणूस सळई टाकून पळाला.

दुसऱ्या रिक्षातून आम्ही तिघं इस्पितळात गेलो. बाबांनी स्कूटरवाल्याला उलट एकही फटका मारला नाही, याचा मला वाटेत राग येत होता. रिक्षावाला मात्र बाबांचा मोडका हात मांडीवर धरून रडत होता. बाबांचे पाय किती थरथरत होते, ते मला आज दिसतं.