टोपली आणि पाणकावळे

आमच्या घरामागच्या तळ्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळी आहेत. त्यांवर पूर्वी पाणकावळे घरटी करून पिल्लं वाढवत. मग नाल्याचं पाणी तळ्यात येऊ लागलं, लोक निर्माल्य टाकू लागले आणि मासे मरून तरंगले. पक्षी तरीही काड्या रचत, पण पिल्लांना भरवायला मासाच नसे. भरलेली घरटी ओस पडत. मला ते बघवत नसे.

पुढे नाला दुसरीकडे वळवला गेला, पण निर्माल्य थांबेना. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून मी रोज सकाळी टोपली घेऊन बांधावर नुसती उभी राहू लागले. लोकांना वाटलं, मला जवळच्या देवळानेच उभं केलंय. ते टोपलीत फुलं टाकत आणि मलाही नमस्कार करत. मी लाजून मान खाली घालायची, त्यामुळे त्यांची खात्रीच पटायची.

फिरायला येणारे एक आजोबा म्हणाले, "नवीन देवस्थान दिसतंय. आरती किती वाजता असते?" मी मान आणखी खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनीही हार टोपलीतच टाकला.

यंदा पाणी निवळलं. काठाशी बारके मासे चमकू लागले. काल एका पिल्लाने आईच्या चोचीत मानेपर्यंत डोकं खुपसलं आणि मासा ओढून गिळला. आजोबा बांधावरून चालले होते. मी घरट्याकडे बोट करून मोठ्याने हाक मारली, "आजोबा, या, आरतीची वेळ झाली."

सगळे वळून बघू लागले. मी मान खाली घातली नाही.