अंगठा थांबवणारी ओळ

गल्लीत तिला सगळे वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा सगळ्यांचा दादा होता. तो वायरमन. कुणाचा फ्यूज उडो, कुणाचा पंखा अडो, हातातला घास ठेवून निघणारा माणूस. एका दुकानाची पाटी लावताना तो शिडीवरून पाठीवर पडला आणि कमरेखालचं शरीर उरलं ते नुसतं नावाला. जीभ मात्र शाबूत होती. "आता शॉक लागला तरी अर्धाच लागेल," असं तो भेटायला येणाऱ्यांना सांगे, आणि रडायच्या तयारीनं आलेली माणसं हसून परत जात.

वहिनी एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. लोकांचे अर्ज बडवता बडवता तिला वाटायला लागलं, आपणही काही लिहावं. दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की ती फोनवर लिहायची आणि एका साइटवर टाकायची. ‘मावळतीचे रंग’, ‘मैत्री म्हणजे काय’, असलं. ‘जीवनरूपी सागरात सुखदुःखाच्या लाटा येतच राहतात’ हे वाक्य तिला फार आवडलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, "सागर कधी पाहिलास गं तू?" वाचणारी म्हणजे एक मावसबहीण, आणि वाट चुकून आलेलं एखादं कुणी.

मग तिनं ऑनलाइन लेखन शिकवणाऱ्या एका सरांचा वर्ग लावला. सर बोलायला मऊ, आणि खरं सांगायचं तर शिकवायचे चांगलं. लोक डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं वाचतात, असं ते म्हणायचे. पहिल्या ओळीला अंगठा थांबला पाहिजे. विशेषणं उपटून टाका. जे माहीत आहे तेच लिहा, आणि जे सांगायची लाज वाटते ते सगळ्यात आधी. वहिनीनं सागर आणि लाटा केरात काढल्या. तिला माहीत होता तो घरातला पलंग.

पलंगावरचा पहिला लेख साधाच होता. नवऱ्याला सारखं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पडून पडून पाठीला जखमा होतात. त्या वळवण्याच्या निमित्तानं दोघं काय काय बोलतात, एवढंच त्यात होतं. पण लोकांनी तो वाचला. सरांनी वर्गात कौतुक केलं आणि मग म्हणाले, "ताई, तुम्ही अजून दाराबाहेर उभ्या आहात. आत या."

ती आत गेली. नाव घातलं नाही, गल्लीचा पत्ता दिला नाही. तेवढ्यानं झाकलं गेलं असं तिला वाटलं. पुढचा लेख सुरू झाला तो असा: ‘काल माझ्या नवऱ्यानं पाहुण्यांसमोर अंथरूण ओलं केलं, आणि मला हसू आलं.’ त्याच्या पुढच्यात तो उशी दातांत धरून कसा रडतो ते आलं. ‘तू दुसरं लग्न कर’ असं तो एकदा म्हणाला होता, तेही आलं. वाचणाऱ्यांची रीघ लागली. ‘तुम्ही कशा आहात?’ असं अनोळखी बायका तिला विचारू लागल्या. तो पडल्यापासून हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. घरी येणारा प्रत्येकजण सरळ पलंगाकडेच जायचा. नवऱ्याला वाटत होतं, बायको अजून मावळतीचेच रंग रंगवते आहे. तिनं त्याचा गैरसमज दूर केला नाही.

त्याच्याबरोबर कामं करणारा जुना जोडीदार दर रविवारी पत्ते खेळायला यायचा. शिव्या द्यायचा, हरला की पत्ते भिरकावायचा. एका रविवारी तो फळं घेऊन आला, आवाज खाली ठेवून बोलला आणि मुद्दाम हरला. निघताना त्यानं वायरमनचा हात धरला. "वहिनींनी लिहिलंय ते वाचलं मी. लाज कसली वाटून घेतोस रे? अंथरूण ओलं होणं काय आपल्या हातात असतं?"

तो गेल्यावर वायरमननं बायकोला हाक मारली आणि काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. ती अडखळत, मधलं सोडत वाचू लागली. गाळू नकोस, तो म्हणाला. तिनं सगळं वाचलं.

"चांगलं लिहायला लागलीस," तो म्हणाला. "खोटं काहीच नाही त्यात." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "पण ते मी फक्त तुला सांगितलं होतं."

तिनं त्याचे पाय धरले. ते त्याला कळलंही नाही.

तिनं तिथल्या तिथं सगळे लेख काढून टाकले. पण सुटलेला बाण तो सुटलाच. लेख केव्हाच या फोनवरून त्या फोनवर पोचले होते. एकदा तर शेजारणीनं तिलाच दाखवला, खाली भलत्याच बाईचं नाव. वाचा वहिनी, अगदी आपल्या दादांसारखं आहे, म्हणाली.

घरात वायरमन आता रागानंही बोलत नव्हता. पाणी देशील का, दिवा मालवशील का, असं परक्या घरी उतरलेल्या पाहुण्यासारखं विचारायचा. अंग पुसायची वेळ झाली की कापड मागून घ्यायचा आणि तिला बाहेर बसायला सांगायचा. पलंगाला दोरी बांधून घेतली होती, तिच्या आधारानं मी वळतो म्हणायचा. त्याचा हात पाठीला पुरत नाही हे तिला दिसत होतं. पण हट्ट कुठल्या तोंडानं करायचा? पावडरचे डबे भराभर संपायला लागले. अंगात कणकण असायची, तर म्हणायचा सर्दी आहे.

एका सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तो तापात बरळत होता. तिनं चादर ओढली, त्याला कुशीवर घेतलं. कमरेशी तळहाताएवढी जखम होती, कडा काळ्या पडलेल्या, आणि आत खोल.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात तुम्ही असताना हे इतकं वाढेपर्यंत कळलं कसं नाही? संध्याकाळी तो जरा शुद्धीवर आला तेव्हा वहिनीनं त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो."

"मी लिहिणं सोडलं होतं हो."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण धीर होईना."

विष रक्तात भिनलं होतं. तो घरी परत आला नाही.

सरांचा निरोप आला. आधी सांत्वन, आणि मग, ‘घाई नाही ताई, पण हे लिहा. मन मोकळं होईल.’ तिनं उत्तर दिलं नाही. दुकानात जाऊन ती पूर्वीसारखी लोकांचे अर्ज टाइप करू लागली.

बऱ्याच दिवसांनी जोडीदार आला. आत न येता पायरीवरच टेकला. वहिनीनं चहा आणून दिला तर कप तसाच हातात धरून बसला. शेवटी म्हणाला, "माझ्याच तोंडून गेलं ते, वहिनी. मी गप्प बसलो असतो तर..."

"तुम्ही त्यांना धीर द्यायला बोललात," ती म्हणाली. "चहा निवतोय."

त्यानं चहा संपवला, कप विसळून पायरीवर पालथा घातला आणि गेला. पुन्हा तो त्या गल्लीत आला नाही.