शिडाला डबल टीप

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की उल्हासनगरचं ते दुकान आठवतं. दादा एका गोऱ्या साहेबाच्या शिडाच्या बोटीवर स्वयंपाकी होता. कॅरिबियनमधल्या एका बेटावर पोचणार असं त्याचं पत्र आलं, मग तिकडच्या वादळाची बातमी आणि नंतर महिनाभर काहीच नाही. आई त्या दुकानात ज्या सिंधी शेठकडे परकर शिवायची, त्यांच्या बहिणीचं त्याच बेटावर कापडाचं दुकान होतं. शेठनी ट्रंक कॉल लावला, ऐकलं आणि एकदम हसले. "बाई, लडका ठीक है! काल बहिणीच्या दुकानात आला होता, फाटलेलं शीड शिवायला जाड दोरा मागत होता." आईनं हातातला परकर परत मशीनखाली सरकवला. "डबल टीप मार म्हणावं त्याला," एवढंच बोलली. साध्या उशीच्या अभ्र्यालाही मी अजून डबल टीपच मारते.