कुत्रीच्या जांघेतली गाठ

कुत्री मी आणली होती. रिफायनरीतून निवृत्त झालो तेव्हा, पादरा गावातल्या एका मित्राच्या शेतावरून. बायकोचा ठाम विरोध होता. "आपल्या रावपुऱ्यात माणसांना चालायला जागा नाही, त्यात कुत्रं?" म्हणून तिने अबोला धरला होता.

फिरायला नेणारा मी, अंघोळ घालणारा मी. पण बायको भाजी निवडायला बसली की कुत्री तिच्यापुढे उताणी पडायची आणि पोट चोळून घ्यायची. मी हात लावला की उठून नीट बसायची, पाहुण्यांसमोर बसावं तशी. मला ते लागायचं.

एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या जांघेत गाठ लागतेय. दाबली की आत जाते."

मी वाकलो, तर कुत्रीने पाय मिटून घेतले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काका, आ गांठ क्यारथी छे?" गाठ कधीपासूनची ते सांगायला मी तोंड उघडेपर्यंत बायकोने गुजरातीत सगळं सांगून टाकलं: माजावर येऊन गेल्यानंतर दिसली, आधी सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी आहे. मी नुसता पट्टा धरून उभा.

हर्निया होता. जांघेतल्या फटीतून आतली चरबी बाहेर आली होती. उद्या आतडं किंवा गर्भाशय अडकलं तर जिवावर बेतेल, तेव्हा ऑपरेशन लवकर करा, त्याच वेळी गर्भाशयही काढू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी त्या दारातून म्हणाल्या, "भूल देताना जिच्याजवळ ही शांत राहते, तिनेच आत यावं." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बायको आत गेली. बाकावर बसून मला तिचा आवाज ऐकू येत होता, "घाबरू नको गं माझ्या राणी, मी आहे ना."

राणी! मागे माझंही हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हा मला मिळालं होतं ते एवढंच, "कण्हू नका, शेजारचा पेशंट झोपलाय." तोवर मी बायकोवर जळत होतो, त्या बाकावर कुत्रीवरही जळायला लागलो.

गाठ उघडल्यावर कळलं, गर्भाशयाचं एक टोक फटीत शिरलंच होतं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणाल्या अर्थात बायकोला.

घरी आल्यावर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घातलेल्या कुत्रीशेजारी बायकोने गादी घातली. न राहवून मी म्हटलं, "माझ्या वेळी नाही झोपलीस अशी."

"तुम्ही थांबू कुठे दिलंत?" ती म्हणाली. "घरी जा, जेवून ये, हेच चाललं होतं तुमचं. मी जिन्यात रडून घेतलं."

हे मला माहीतच नव्हतं. मी दूध गरम करून दोघींपुढे ठेवलं. बायकोने कप उचलला. कुत्रीने मात्र वाडग्याला तोंड लावलं नाही, बायकोने वाडगं स्वतःच्या हातात धरेपर्यंत.

टाके निघाले, जखम छान भरली. आता आम्ही पुन्हा फिरायला जातो. वरच्या गॅलरीतून बायकोने हाक मारली की कुत्री माझा हात ओढत घराकडे धावते, आणि मला अजूनही तितकंच झोंबतं.