चवळीवरचे मुंगळे

आष्ट्याजवळच्या आमच्या रानात, उसाच्या बांधाला आई दरवर्षी चवळी लावायची. काठ्यांवर चढवलेल्या त्या वेलांवर मुंगळ्यांची कायम ये-जा. एम.एस्सी. करत असताना मी एकदा औषध मारायला निघाले, तर तिनं पंप हातातून काढून घेतला.

"मारू नगंस. फुलाच्या देठाला गोड सुटतंय, त्ये खायाला येत्यात. आन् अळी दिसली की वडून नेत्यात. फुकटचं खात न्हाईत."

सांगलीच्या कॉलेजात मी हे माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. पुढच्याच रविवारी सर रानात हजर. काही वेलांच्या बुडाला आणि काठ्यांना ट्रॅक्टरचं वंगण फासून मुंगळे वर चढू द्यायचे नाहीत, मग दोन्हीकडच्या शेंगा ताडून बघायच्या, ही युक्तीही आईचीच. दोन हंगाम ती रोज सकाळी शेंगा सोलत बसायची. किडक्या एका पाटीत, चांगल्या दुसरीत. सर आठवड्यातून एकदा यायचे, वहीत लिहायचे, भाकरी खायचे आणि जाताना पिशवीभर शेंगा न्यायचे.

शोधनिबंध इंग्रजीत छापून आला. सरांचं नाव, त्याखाली माझं. आईचं कुठंच नाही, शेवटच्या आभारांतसुद्धा नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, "अगं, शास्त्रीय निबंध आहे तो. शेतातल्या बायकांची नावं घालायला लागलो तर कसं व्हायचं?"

त्याच कॉलेजातली माझी तासिकांवरची नेमणूक त्यांच्या हातात होती. मी निबंधाची प्रत पिशवीत घातली.

घरी आईनं ते कागद हातात घेतले. "माझं नाव घातलंय न्हवं?"

"व्हय," म्हणून मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं चवळीचं शास्त्रीय नाव होतं. आईनं त्यावरून हळूच बोट फिरवलं आणि कागद ट्रंकेत ठेवले.

दिवाळीत भावाच्या मुलीनं ते कागद आजीला वाचून दाखवले. ती इंग्रजी शाळेत जाते. वहिनीनं मला फोनवर सांगितलं, "तुमी काय केलंय त्ये आईंना कळलं." मी गेले. आई भांडली नाही.

"नाव न्हाई म्हनली असतीस तर काय झालं असतं गं? मला का नोकरी लागायची हुती?"

पुढच्या हंगामात सर विद्यार्थ्यांना घेऊन आले. "काकू, मुलांना जरा समजावून सांगा की."

आईनं पदर खोचला. "मला आडानी बाईला काय ठावं? हिलाच इचारा. सगळा शोध तिचाच हाय." आणि विळा घेऊन ती वैरण कापायला निघून गेली.

मी बोलू लागले. मुलं भराभर लिहून घेत होती. सर मान डोलावत होते.

त्यानंतर आईनं मला रानातली एकही गोष्ट आपणहून सांगितली नाही. विचारलं तर म्हणते, "बघ की तुझ्या पुस्तकात."