गोदावहिनींनी विणलेले हातमोजे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती चाळीस वर्षं माझ्याबरोबर राहिली. तुम्हांलाच का सांगतोय? ठाऊक नाही. सरळ सांगता येईल असंही वाटत नाही.

बत्तीस-तेहेतीस सालची गोष्ट. मी रत्नागिरीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. त्यांची एक जुनी फटफटी होती. तिच्यावरून मी रोज सकाळी हातखंब्याच्या पुढच्या गावांत औषधं पोचवायचो. रत्नागिरीत कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. गावात नसतेच. पण पौषात, उजाडायच्या सुमाराला, त्या सड्याच्या उघड्या माळावरून फटफटीवर जाऊन पाहा. वारा थेट बोटांवर यायचा. चिंध्या गुंडाळून पाहिल्या, त्या सुटायच्या. मधेच थांबून मी इंजिनापाशी हात शेकत बसायचो. एकदा ब्रेक दाबलाय की नाही तेच बोटांना कळलं नाही, आणि मी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर जाऊन आदळलो. औषधाच्या चार बाटल्या फुटल्या.

मी राहायचो अण्णांच्या घरी, ओटीलगतच्या खोलीत. अण्णा कचेरीतून निवृत्त झालेले. घरात ते, काकू आणि त्यांची विधवा सून — गोदावहिनी. वहिनी चोवीस-पंचवीसच्या असतील. लग्नाआधी मिशनच्या शाळेत लोकरीचं विणकाम शिकल्या होत्या. त्यांना पुण्याला जाऊन शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं होतं. दोन वर्षं त्यांनी अण्णांची मनधरणी केली, तेव्हा कुठे अण्णा हो म्हणाले होते. जूनमध्ये जायचं ठरलं होतं.

आता इथून पुढे — थांबा, क्रमानंच सांगतो.

लोकर मी आणली. तपकिरी. दुकानात जाऊन, रंग निवडून मी आणली. मागच्या पडवीत वहिनी तांदूळ निवडत होत्या, तिथे नेऊन दिली आणि म्हटलं, "हातमोजे विणून द्याल का? बोटं अगदी बधिर होतात हो."

त्या म्हणाल्या, "मामंजींना विचारते आणि विणते."

"त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं.

हे का म्हटलं? अण्णा नको म्हणतील ही भीती? की ती गोष्ट आमच्या दोघांतच राहावी असं मला वाटत होतं? दोन्ही असेल. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत राहिल्या. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी एक पाठकोरा कागद पुढे केला, त्यावर हात ठेवायला सांगितलं, आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. त्यांचं बोट एकदाही माझ्या हाताला लागलं नाही. इतक्या त्या जपून होत्या.

हातमोजे सुरेख झाले. आठ दिवसांत काकूंना वहिनींच्या ट्रंकेत तो कागद सापडला.

पुरुषाचा हात, पाचही बोटं.

अण्णांनी मला ओटीवर बोलावलं. आवाज चढवला नाही. कागद समोर ठेवला आणि विचारलं, "हे हातमोजे तुम्ही मागितलेत, की तिनं आपणहून केले?"

वहिनी माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. लाल आलवणाची कड मला दिसत होती.

मी म्हटलं, "मी मागितले नव्हते. त्यांनीच आणून दिले."

"आणि हा कागद?"

"त्याचं मला काही ठाऊक नाही."

वहिनी बाहेर येतील, खरं काय ते सांगतील, असं मला वाटलं. खरं सांगू? त्यांनी यावं असंही वाटत होतं आणि येऊ नये असंही. त्या आल्या नाहीत. कड दिसेनाशी झाली.

पुण्याचं रद्द झालं. पंधरा दिवसांत त्यांना लांज्याकडे धाकट्या दिराच्या घरी पाठवलं, स्वयंपाकाला आणि पोरं सांभाळायला. माझी खोली माझ्याकडेच राहिली. काकू उलट मला जपू लागल्या. मुलगा भला आहे, म्हणायच्या.

आणि हातमोजे? ते मी टाकले असतील असं तुम्हांला वाटेल. नाही टाकले. तीन हिवाळे वापरले. ऊबदार होते.

तिसऱ्या हिवाळ्यात लांज्याच्या बाजूला हिवतापाची औषधं द्यायला गेलो. पुतण्यासाठी बाटली घ्यायला वहिनी अंगणात आल्या. वाळल्या होत्या. हातमोजे माझ्या हातांत होते. मी घाईनं काढून खिशात कोंबले. त्यांनी ते पाहिलं. दिवसातून किती वेळा द्यायचं, एवढंच विचारलं. तीन वेळा, मी म्हटलं. त्या आत गेल्या. आसपास कुणी नव्हतं. मला बोलता आलं असतं.

त्यांना पुन्हा पाहिलं नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी त्या तिथेच वारल्याचं कळलं.

ओटीवर त्या दिवशी मी घाबरलो होतो, हे खरं. पण घाबरलेला माणूस किती दिवस घाबरलेला असतो? वहिनी वारल्या तेव्हा मी अजून त्याच घरात राहत होतो. अण्णा रोज सकाळी ओटीवर वर्तमानपत्र वाचत बसायचे आणि मी त्यांच्यासमोरून जायचो. एकदा त्यांनी आपण होऊन विषय काढला. म्हणाले, "पोर हुशार होती हो. पुण्याला पाठवायला हवी होती."

मी हो म्हटलं, आणि फटफटी सुरू केली.